बाकावर ठेवलेली जागा

मी मोजमापाचा माणूस आहे. हे आधीच सांगतो. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळतो. शाफ्टचा व्यास दोन मायक्रॉनने चुकला तरी माल परत पाठवतो, मग समोर कितीही जुना सप्लायर हात जोडून उभा असो. या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात ‘रिजेक्ट’चं लाल लेबल लावून मोकळा झालोय. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. आजही मानतो असं नाही... फक्त एक गोष्ट अशी घडली की तिला हिरवं लेबलही लावता येईना आणि लालही. म्हणून लिहायला बसलो.

आधी थोडं घरचं सांगावं लागेल.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नेवाशात एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. एकच गाळा. पुढे काउंटर, मध्ये बाक आणि बाकामागे रंगवलेला पडदा — त्यावर कारंजं आणि दोन मोर. त्यामागे लाल दिव्याची अंधारी खोली. लग्नं, बारशी, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो हे तर होतंच, पण आप्पांचं नाव होतं ते जोडफोटोसाठी. हल्लीच्या मुलांना हा प्रकार माहीत नसेल. घरातलं माणूस जायचं आणि मग लक्षात यायचं की नवरा-बायकोचा एकत्र असा एकही फोटो नाही. मग मागे राहिलेलं माणूस, बहुतेक वेळा बाई, स्टुडिओत यायचं. सोबत गेलेल्याचा कसलातरी फोटो — कुणाच्या लग्नाच्या घोळक्यातला, नाहीतर ओळखपत्रावरचा. आप्पा त्या बाईला बाकावर बसवायचे, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडायला लावायचे आणि फोटो घ्यायचे. पुढे अंधाऱ्या खोलीत कात्री, ब्रश आणि धीर यांच्या जोरावर दोन फोटोंचा एक व्हायचा. शेवगाव-पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला बाहेर पडायच्या आधी येऊन फोटो टाकून जायची आणि हंगाम संपवून परत येताना न्यायची.

यात एक अडचण असते. शेजारी नुसती जागा सोडायला सांगितली की माणूस अवघडून बसतो, परीक्षेला बसल्यासारखा. म्हणून आप्पा त्या रिकाम्या जागेशी बोलायचे. “तात्या, जरा इकडं सरका. आणखी थोडं. हां, आता मान वर.” हातानं खुणाही करायचे. बाकावरची बाई आधी गोंधळायची, मग पदर तोंडाला लावून हसायची, आणि मग नकळत त्या बाजूला किंचित कलायची. तेवढ्यात क्लिक. शाळा सुटली की मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे बघायचो. फोटो धुण्याच्या पाण्याचा तो आंबूस वास आजही कुठे आला की मला भूक लागते, कारण त्या वासात बसूनच मी चार वाजताचा वडापाव खायचो.

आता गंमत अशी, की साऱ्या तालुक्याला जोडून देणाऱ्या आप्पांचा आईबरोबर एकही फोटो नाही. लग्नाचे फोटो त्यांच्या मित्रानं काढले होते, पण रोल धुतला आप्पांनीच. उत्साहाच्या भरात औषधांचा क्रम चुकला आणि सगळा रोल कोरा निघाला. आई जन्मभर टोमणा मारायची — “गावाची लग्नं धुतली, आन् आपलंच तेवढं बुडवलं.” पुढे कधी एकत्र फोटो काढायचा विषय निघालाच तर आप्पा म्हणायचे, मग कॅमेऱ्यामागं कोण उभं राहणार? दुसऱ्याच्या हातात ते कॅमेरा देत नसत. ते गेले तेव्हा आमच्याकडे त्यांचा ओळखपत्रावरचा एक फोटो होता, बस.

गेल्या वर्षी आम्ही सावेडीत नवीन फ्लॅट घेतला. आई ऐंशीच्या पुढची. नव्या हॉलची भिंत बघून ती मला म्हणाली, इथं आमच्या दोघांचा एक फोटो लाव. म्हणजे जोडफोटो. माझी मुलगी म्हणाली की चहा होईपर्यंत कॉम्प्युटरवर करून देते. मीच नको म्हणालो. माझं म्हणणं साधं होतं — फोटो म्हणजे पुरावा. जे झालं नाही त्याचा पुरावा कसा तयार करायचा? दोन वेगवेगळ्या फ्रेम शेजारी शेजारी लावू म्हणालो. आई म्हणाली, “शेजारी तर सगळंच आसतंय. एकत्र न्हाई ना.” त्यानंतर तिनं विषय काढला नाही. पण हॉलमध्ये बसली की तिची नजर त्या कोऱ्या भिंतीवर जायची, आणि माझी तिच्या नजरेवर.

अशात इटलीची ट्रिप आली. आमच्या कंपनीनं तिथून एक ग्राइंडिंग मशीन मागवलं होतं. असं मशीन तिथून हलायच्या आधी खरेदी करणाऱ्यानं जाऊन चालवून बघायचं असतं, त्यावर आपले नमुने काढून मोजायचे आणि मग सही करायची. मी आणि मेंटेनन्सचे अन्वर शेख असे दोघं निघालो. अन्वरभाई नगरच्याच झेंडीगेट भागातले. मला ‘साहेब’ म्हणतात, पण त्यातला निम्मा साहेब चेष्टेचा असतो. बॅगेत त्यांनी कपड्यांपेक्षा शेंगदाण्याची चटणी जास्त आणली होती.

मिलानहून बर्गामोच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी ते गाव. दिवसभर कारखाना, संध्याकाळी त्यांच्या लोकांबरोबर जेवण. फिरायला वेळ म्हणून नाहीच. पण सकाळी मार्को नावाचा त्यांचा इंजिनियर आम्हाला न्यायला यायचा, त्याआधीचा तासभर माझा होता. स्ट्रीट फोटोग्राफी हा माझा एकमेव शौक. नगरला रविवारी कापडबाजार, माळीवाडा इकडे कॅमेरा घेऊन भटकतो. सोबतचे हौशी फोटोग्राफर मला एकच गोष्ट ऐकवतात — तुझ्या प्रत्येक फोटोत एक बाजू रिकामी का असते? मलाही ते नंतरच दिसतं. आप्पांच्या हाताखाली बघून बघून बसलेली सवय... काय करणार.

तर तो तास मी पुरेपूर वापरायचो. हॉटेलसमोर छोटा चौक होता. मध्ये सालं निघालेली मोठी झाडं, एका बाजूला चर्चची भिंत, कोपऱ्यावर बेकरी. पीठ लागलेल्या एप्रनमध्ये बेकरीवाला दारात उभा राहून सिगारेट ओढायचा. एक बाई तिसऱ्या मजल्यावरून चादर झटकायची, आणि तिरक्या उन्हात तिची धूळ सोन्यासारखी दिसायची. दाराला टेकवलेल्या सायकली, ओला दगडी रस्ता. मी हावऱ्यासारखा फोटो काढत होतो. अन्वरभाई कॉफीचा तो अंगठ्याएवढा कप घेऊन कॅफेच्या पायरीवर बसायचे आणि म्हणायचे की एवढ्याशा कपातून आपल्याकडे औषध देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखालच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलेलं दिसलं.

इथून पुढे मी काळजीपूर्वक लिहितो. बाई डावीकडे नाही, उजवीकडे — म्हणजे माझ्या उजव्या हाताला. निळा कोट, पांढरे केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स. त्यांच्या शेजारी म्हातारा. तपकिरी टोपी, राखाडी रंगाचा लोकरी स्वेटर, पुढून बटणांचा. एक बटण चुकून वरच्या काजात गेलेलं, त्यामुळे सगळा स्वेटर एका बाजूनं वर चढलेला. पायावर पाय टाकून आरामात बसलेला. बाईंचा हात बाकाच्या फळीवर होता आणि त्याच्या हातात होता. मी कॅमेरा दाखवून मानेनंच परवानगी विचारली. बाईंनी मान हलवली. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली.

दोघांमध्ये जरा अंतर होतं. मी हातानं म्हाताऱ्याला खूण केली — जरा इकडे सरका. आणखी थोडं. तो सरकला. बाईही किंचित त्याच्याकडे कलल्या. मी बाईंच्या डोळ्यांवर फोकस धरून तीन फ्रेम घेतल्या. तेवढ्यात मार्कोची गाडी आली. मी हात जोडून दोघांना नमस्कार केला आणि पळालो. फोटो पडद्यावर बघितलेही नाहीत.

ते बघितले संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. अन्वरभाई मला बेकरीचा फोटो मागत होते. पुढे सरकवता सरकवता बाकाचा फोटो आला. तिन्ही फ्रेममध्ये बाई एकट्या. डावीकडे कललेल्या. हात फळीवर उताणा, बोटं अर्धवट मिटलेली — कुणाचातरी हात धरल्यासारखी. शेजारी रिकामं बाक. फळ्यांचे खिळेसुद्धा स्पष्ट दिसत होते.

मी अन्वरभाईंना विचारलं की सकाळी बाकावर कितीजण होते.

“एक. म्हातारी. तुम्ही किती बघितले?”

मी म्हणालो, दोन. ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. म्हणाले की तुम्ही रिकाम्या बाकाला हातवारे करताना मी बघत होतो, पण मला वाटलं वडिलांची स्टुडिओतली पद्धत करून दाखवताय. त्यांना मी ती गोष्ट विमानात सांगितली होती. म्हणून ते काही बोलले नव्हते.

साहजिकच मी कारणं शोधायला लागलो. प्रवासाचा शीण होता, पण आदल्या रात्री झोप व्यवस्थित झाली होती. उन्हाची तिरीप? ऊन माझ्या पाठीमागून नव्हतं, बाजूनं होतं. बाईंची सावली खडीवर सरळ पडलेली दिसते, दुसरी सावली नाही. कॅमेरा बिघडला म्हणावा तर तो माणूस पुसून मागचं बाक रंगवू शकत नाही. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना माझं सगळं लक्ष बाईंच्या डोळ्यांवर होतं. तेव्हा म्हातारा आत दिसत होता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नुसत्या डोळ्यांनी मात्र मी त्याला बघितलं होतं. बटणासकट.

अन्वरभाई म्हणाले, “साहेब, विषय सोडा. मशीनवर सही करा आणि घरी चला.” पण मला सोडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तिथेच होत्या. एकट्याच. त्याच बाजूला बसलेल्या, शेजारची जागा मोकळी. मार्को त्या दिवशी जरा लवकर आला होता. मी त्याला म्हटलं, मला या बाईंशी एक गोष्ट बोलायची आहे, भाषांतर तू कर. आणि काय झालं ते त्याला सांगितलं. तो अवघडला. गाव लहान, तो बाईंना ओळखत होता. त्यांचे पती वारलेत, रोज सकाळी दोघं इथे बसायचे, आता त्या एकट्या बसतात, असं म्हणाला. हे सांगून त्यांना त्रास कशाला द्यायचा? मला ते पटलं. मी कॅमेरा बॅगेत ठेवला. पण बाईंनीच हाक मारली. काल काढलेला फोटो दाखवा, असं हातानं म्हणाल्या.

दाखवला. त्यांनी चष्मा बदलून बघितला आणि मार्कोला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, त्या विचारतायत की एवढी जागा रिकामी का ठेवली. आणि काल तुम्ही हात करत होता तो त्यांना वाटलं त्यांच्यासाठीच, म्हणून त्या कलल्या.

आता खोटं सांगणं मला जमलं नाही. मार्कोनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यानं सांगितलं.

मला वाटलं बाई रडतील किंवा चिडतील. पण त्यांनी एखाद्या इन्स्पेक्टरसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. काय घातलं होतं? मी टोपी सांगितली, स्वेटर सांगितला, बटण सांगितलं. बटण ऐकल्यावर त्या एकदम हसल्या. मार्कोही हसला. तो म्हणाला, तो गावचा शिंपी होता. साऱ्या गावाला बटणं लावून दिली, स्वतःची कधी नीट लावली नाहीत.

मग त्यांनी विचारलं, बसला कसा होता? मी बाकावर बसून दाखवलं — पायावर पाय टाकून. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तसंच बसून दाखवलं. मार्को हळूच म्हणाला, शेवटच्या काही वर्षांत त्याचा गुडघा वाकतच नव्हता. पाय सरळ, काठीसारखा. चर्चमध्ये बसायचा तरी कडेला बसायचा, पाय वाटेत ठेवून.

बाईंनी आणखी एकच गोष्ट विचारली. मार्कोनं ती मला इंग्रजीत सांगितली, पण मला ती तेव्हाच मराठीत ऐकू आली — तब्येतीनं बरा वाटला का?

मी म्हणालो, हो. एकदम बरा.

त्यानंतर त्या जे बोलल्या त्यावर मार्को इतका हसला की त्याला सांगता येईना. “त्या म्हणतायत, मी रोज इथे येऊन बसते, मला एकदाही दिसला नाही. परक्या माणसानं कॅमेरा काढला तर टोपी सारखी करून बसला. तो पहिल्यापासून असाच. घरी मुका आणि बाहेरच्यांशी गोड.”

मी फोटो पुसून टाकू का, असंही विचारलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. छापून पाठवा, पण आहे तसाच. मी नगरला आल्यावर चांगल्या कागदावर प्रिंट काढून मार्कोच्या पत्त्यावर पाठवला. पोहोचला.

मशीन पास झालं. अन्वरभाईंनी यावर परत कधी चेष्टा केली नाही, आणि हीच गोष्ट मला जास्त खटकते.

आईला सांगावं की नाही, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. जोडफोटो नको म्हणणारा मी, आणि असली गोष्ट कुठल्या तोंडानं सांगणार? पण एका दुपारी ती ट्रिपचे फोटो बघायला बसली. बाकाच्या फोटोवर तिचा हात थांबला. आप्पांच्या बायकोला असा फोटो ओळखू येणार नाही तर कुणाला. “ह्यो जोडायचा फोटो दिसतोय,” ती म्हणाली. “जोडला का न्हाई?”

मग सगळं सांगितलं. शेवटी तिनं एकच विचारलं, की तो बाईच्या उजव्या हाताला बसला होता का. मी हो म्हणालो. “मंग बराबर,” एवढं म्हणून ती उठून आत गेली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई हॉलमध्ये आली. हिरवं इरकल नेसलेली, बांगड्या घातलेल्या. सोफ्यावर बसली, कोऱ्या भिंतीसमोर. मग आपल्या हातानं उशी उचलून बाजूला ठेवली आणि डावीकडे सरकली. उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा झाली.

“रवी, कॅमेरा आन.”

मी आणला. पडदा सरकवला, उजेड बघितला. आई ताठ बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. हात वर केला. स्वतःच्या वडिलांना सरका म्हणून कसं सांगायचं? शेवटी म्हणालो, “आप्पा, जरा इकडं...” आई कलली. अगदी थोडी.

मी कॅमेरा डोळ्याला लावला.

“दिसत्यात का रं?” तिनं विचारलं. समोरच बघत, मान न हलवता.

मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं. मग कॅमेरा खाली करून नुसत्या डोळ्यांनीही बघितलं. नीट, सावकाश. उशीचा दाब उमटलेलं सोफ्याचं कापड, बाकी काही नाही. आयुष्यात एवढं खोटं बोलावंसं मला कधी वाटलं नव्हतं. पण मी रिपोर्ट खोटा देत नाही.

“नाही गं, आई.”

“आसू दे,” ती म्हणाली. “उशिराच यायची सवय हुती त्यांची. तू जागा ठिव.”

मी फोटो काढला.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इटलीत मी काय बघितलं ते आजही सांगता येत नाही. भास म्हणावा, तर न बघितलेल्या माणसाचं चुकलेलं बटण माझ्या भासात कुठून आलं? आणि तो खराच असेल, तर आमच्या सोफ्यावर का नाही आला? दोन्ही प्रश्न मी उघडेच ठेवलेत. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मी वाचीन, पण पटेलच असं नाही.

आईचा फोटो मोठा करून हॉलच्या भिंतीवर लावलाय. येणारी माणसं विचारतात, फोटो असा एका बाजूला का, रिकामा भाग कापून टाकायचा ना. मध्यंतरी मुलीनं पुन्हा सुचवलं की तो ओळखपत्राचा फोटो त्या जागी बसवून देते, कळणारसुद्धा नाही. या वेळी मी मध्ये बोललो नाही. जे काय ते आईनंच ठरवावं.

आई भिंतीकडे बघत होती. “नगं बाई,” ती नातीला म्हणाली. “जागा भरून टाकल्यावर त्यांनी बसायचं कुठं?”